टाळीचा भाव

नाटक कसं होतं, असं विचारलं की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येतं. पैसे वसूल झाले, नाहीतर पैसे पाण्यात गेले. यातला ‘वसूल’ हा शब्द जरा निरखून पाहा. वसुली कर्जाची होते, थकलेल्या भाड्याची होते, पाणीपट्टीची होते. म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस आधी घेणेकरी असतो आणि मग प्रेक्षक. समोरचा नट त्याचं देणं लागतो आणि ते त्याने दोन अंकांत फेडायचं असतं. गंमत अशी की, दोनशे रुपयांच्या तिकिटाला हे गणित फारसं कुणी करत नाही. तिकीट दोन हजारांचं झालं की सगळेच करतात.

नागपुरात मुंबईहून मोठ्या नावाचं नाटक येतं तेव्हा हे गणित तिसऱ्या घंटेच्या कितीतरी आधी सुरू होतं. चौकातल्या फ्लेक्सवर नटाचा चेहरा असतो, सिनेमात किंवा मालिकेत पाहिलेला. नाटकाचं नाव त्याच्या हनुवटीखाली. लेखकाचं नाव वाचायचं तर गाडी बाजूला लावावी लागते. बुकिंग उघडतं, पुढच्या रांगांचे आकडे दिसतात आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, “नाटकाचे एवढे पैसे, बाप्पा!” मी पाहिलेल्या अशाच एका नाटकाच्या पहिल्या रांगा दोन हजारांच्या होत्या, मधल्या दीड हजाराच्या आणि अगदी मागच्या पाचशेच्या. पाचशे हा आकडा सहज पडत नाही. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. त्यामुळे ‘सामान्य रसिकांसाठी राखीव’ वाटणारी ती शेवटची रांग पुष्कळदा कराच्या रेषेवर आखलेली असते.

महाग तिकिटाबद्दल रागावणाऱ्यांच्या बाजूने मी पटकन उभी राहत नाही, हे आधीच सांगते. राज्य नाट्य स्पर्धेत मी तीन वर्षं विंगेत उभं राहून प्रॉपर्टी सांभाळली आहे. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात आमचे प्रयोग व्हायचे. स्पर्धेचं तिकीट दहा-पंधरा रुपये, म्हणजे बाहेरच्या चहा-समोशापेक्षा स्वस्त. तरी ओळखीचे लोक फोन करून विचारायचे, “एखादा पास आहे का गं?” तो फोन ठेवून मी पुन्हा पुठ्ठ्याच्या तलवारीला चंदेरी कागद चिकटवायला बसायचे. त्यामुळे नाटक स्वस्त असलं की लोक धावत येतात, यावर माझा विश्वास नाही. आणि कलावंताने आपली किंमत मागू नये, पैशाचं नाव काढलं की कला विटाळते, हा विचार तर ज्यांना महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो त्यांनाच परवडतो.

शिवाय खर्च खरा असतो. समृद्धी महामार्गावरून मुंबई-नागपूर अंतर ७०१ किलोमीटर. सेटचा टेम्पो, तंत्रज्ञांची बस, मुख्य नटाचं विमान, हॉटेल, सभागृहाचं भाडं, जाहिरात, प्रयोग विकत घेणाऱ्या स्थानिक आयोजकाचा नफा. त्यात नटाची ‘नाइट’. नाटकवाले एका प्रयोगाच्या मानधनाला नाइट म्हणतात. शूटिंगचे दोन दिवस सोडून माणूस नागपूरला येणार तर ते दोन दिवस कुणीतरी भरून द्यायचे असतात, आणि ते आपण देतो. यात लबाडी कुठेच नाही.

रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली आपल्या ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं, फक्त नटाऐवजी बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं. समजा, सगळ्यांकडे न्याय्य वाटणीने पैसे आलेले आहेत. आता चेंबरलेन संघाशी करार करतो की, प्रत्येक तिकिटातले २५ सेंट माझे. लोक मैदानात शिरताना त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत आनंदाने २५ सेंट टाकतात. हंगामात दहा लाख लोक येतात. चेंबरलेनकडे अडीच लाख डॉलर जमतात, इतर कुणापेक्षाही जास्त. नोझिक विचारतो, यात अन्याय झाला तो कुठल्या क्षणी? कुणी जबरदस्ती केली? आपलेच पैसे आपल्या खुशीने दिले, मग तक्रार कुणाची?

कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आणि आजही नोझिकला पूर्ण उलटवता येईल असं मला वाटत नाही. पण त्याने खेळाडू निवडला, नट निवडला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. चेंडू जाळीत जातो की नाही हे माझ्या तिकिटावर ठरत नाही. मी २५ सेंट दिले काय, ९०० डॉलर दिले काय, फळ्यावरचे गुण तेच. नाटकाला असा फळा नाही. हशा कुठे पिकला, कुठे सभागृह गप्प झालं, कुठे खोकले सुरू झाले, यावरून नाटक स्वतःला ओळखतं. नट दुसऱ्या दिवशी एक वाक्य हळू घेतो, एक जागा सोडून देतो, ते आदल्या रात्रीच्या अंधाराने त्याला काहीतरी सांगितलेलं असतं म्हणून. बास्केटबॉलचा प्रेक्षक खेळ बघतो. नाटकाचा प्रेक्षक नाटकाचा एक भाग असतो, तोही पैसे देऊन आलेला. मग मला नोझिकला विचारावंसं वाटतं ते असं : त्या भागाची किंमत इतकी वाढवली की त्याला खरं बोलताच येईना, तर आपण नेमकं काय विकत घेतलं?

माझ्या आईचं उदाहरण देते. ते दीड हजाराचं तिकीट मी तिच्यासाठी काढलं होतं, तिचं आणि माझं मिळून तीन हजार. त्या नटाचे सिनेमे तिने रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर शेजाऱ्यांच्या घरी बसून पाहिले होते. आई शाळेत क्लार्क होती, रिटायर झाली. नाटकाचं तिला शास्त्र वगैरे माहीत नाही, पण तिची नजर पक्की आहे. आमच्या स्पर्धेचं नाटक पाहून ती एकदा म्हणाली होती, “पोरांचं पाठांतर चांगलं आहे, पण कोणी कोणाचं ऐकत नाही. आपली पाळी येण्याची वाट पाहून राहिले सगळे.” परीक्षकांनी यापेक्षा नेमकं काही सांगितलं नव्हतं. आमच्या दिग्दर्शकाने ते वाक्य तालमीच्या खोलीत लिहून लावलं होतं.

त्या रात्री ती इंटर्व्हलमध्ये काही बोलली नाही. दुसऱ्या अंकात नट थकलेला दिसत होता. वाक्यं येत होती, माणूस येत नव्हता. पडदा पडला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. आईचे गुडघे दुखतात, ती खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. गाडीवर मागे बसून म्हणाली, “छान होतं गं, खूप छान.” कॉलनीत सगळ्यांना तेच सांगितलं. आठ-दहा दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेले तर ती फोनवर मावशीशी बोलत होती. “काही राम नव्हता बाई त्या नाटकात. पण पोरीनं तीन हजार लावले, तिला कसं सांगायचं?”

मला तेव्हा त्या तीन हजारांचं काही वाटलं नाही. वाटलं ते हे की, मी ओळखते त्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रेक्षक त्या रात्री गप्प बसला, आणि त्याला गप्प बसवणारी गोष्ट तिकिटावर छापलेली होती.

महाग तिकिटाबद्दल बोलताना आपण नेहमी दाराबाहेर राहिलेल्यांबद्दल बोलतो. गरिबाने नाटक पाहायचंच नाही का, हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर सोपं नसलं तरी प्रश्न तरी सगळ्यांना दिसतो. दाराच्या आत काय होतं ते सहसा दिसत नाही. आत पैसेवाले बसलेत असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. कुणी बोनसमधून आलेलं असतं, कुणी लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून, कुणाला मुलांनी पाठवलेलं असतं. ज्याच्यासाठी दोन हजार म्हणजे एका संध्याकाळचं जेवण, तो इंटर्व्हलला उठून जाऊ शकतो, जांभई देऊ शकतो, ‘बकवास’ म्हणू शकतो. ज्याच्यासाठी तो महिन्याच्या किराण्याचा अर्धा भाग आहे, त्याला नाटक आवडावंच लागतं. कंटाळा येणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि महाग सभागृहात तो हक्क श्रीमंतालाच परवडतो. एकाच छताखाली, एकाच अंधारात, काहींना मत असतं आणि काहींना फक्त टाळी.

यावर एक जुना प्रयोग आहे, तोही नाटकाच्या तिकिटांवरच केलेला. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना त्यांनी पूर्ण म्हणजे १५ डॉलर दराने तिकीट दिलं, काहींना दोन डॉलर आणि काहींना सात डॉलर सूट दिली. कुणाला किती सूट, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. पैसे तर सगळ्यांचेच गेलेले होते, परत मिळणार नव्हते. तरी ज्याचे जास्त गेले त्याचे पाय जास्त वेळा नाट्यगृहाकडे वळले. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही, म्हणजे वसुलीची कळही काही महिन्यांनी शमते. आपल्या नागपूरच्या प्रयोगाला मात्र दुसरा अर्धा नसतो. एकच रात्र असते, आणि टाळी त्याच रात्री वाजवायची असते.

वसुलीचं दुसरं तोंडही आहे. सगळेच आईसारखे गप्प बसत नाहीत. काही लोक उलट घड्याळ काढून बसतात. “पावणेदोन तासांतच संपवलं!” “सेट तर एकच होता.” “तो पहिल्या अंकात वीस मिनिटं आलाच नाही.” मला हे ऐकताना धान्यबाजारातल्या मापाची आठवण होते. काही उत्तम नाटकं सव्वा तासाची असतात, आणि रिकाम्या रंगमंचावर एक स्टूल ठेवून माणसं जग उभं करतात. पण दोन हजारांचं तिकीट काढलेल्या माणसाला रिकामा रंगमंच म्हणजे फसवणूक वाटते. निर्मात्यालाही हे कळतं. मग एलईडी पडदा येतो, धूर येतो, सरकते जिने येतात. खोटी स्तुती आणि खोटी तक्रार, दोन्ही एकाच आकड्यातून निघतात, आणि दोन्हींमध्ये नाटकाबद्दल एक अक्षर नसतं.

तुमच्यातले काही म्हणतील, मग कोल्डप्लेचं काय? २०२५ च्या जानेवारीत लोक त्यांच्यासाठी किती पैसे मोजून नवी मुंबईला आणि अहमदाबादला गेले, तेव्हा कुणी प्रामाणिकपणाचे प्रश्न काढले नाहीत. बरोबर. पण कॉन्सर्टला आपण निकाल द्यायला जातच नाही. गाणी पाठ असतात, आवडलेली असतात, निकाल आधीच लागलेला असतो, आपण फक्त मिरवणुकीला जातो. नाटकाला जाताना आपल्याला माहीत नसतं पुढे काय होणार. तिथे काहीतरी पणाला लागलेलं असतं. मोठं नाव नाटकात आलं की नाटकाची हळूहळू कॉन्सर्ट होते. हे नेमकं कधी होतं ते मी सांगू शकते. विंगेतून नट पहिलं पाऊल टाकतो आणि अजून एक शब्दही बोललेला नसताना टाळ्यांचा कडकडाट होतो. तो थांबतो. बरोबरचे नट हातातला कप हातात धरून उभे राहतात. टाळ्या संपल्या की संवाद पुन्हा सुरू होतो. त्या अर्ध्या मिनिटात रंगमंचावर पात्र नसतंच, आपण पडद्यावर पाहिलेला माणूस असतो आणि त्याला आपण आगाऊ रक्कम देत असतो. पुढचे दोन तास त्याने ती फेडली नाही तरी कुणी मागायला जात नाही.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. २०२५ मध्ये ब्रॉडवेवर डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहाल यांचं ‘ऑथेल्लो’ लागलं तेव्हा पुढच्या खुर्च्या ९२१ डॉलरपर्यंत गेल्या. त्याच न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कात उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं फुकट होतात. तिकीट हवं तर सकाळपासून रांगेत उभं राहायचं. मायकेल सँडेलने ‘व्हॉट मनी कान्ट बाय’मध्ये त्याचा किस्सा सांगितला आहे. अल पचिनो ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक करणार होता तेव्हा लोकांनी आपल्या जागी रांगेत उभं राहायला भाड्याने माणसं ठेवली, १२५ डॉलरपर्यंत देऊन. सावकाराचं नाटक, फुकट तिकीट आणि रांगेतही सावकारी! सँडेलला त्यात फुकट या कल्पनेचाच अपमान दिसतो. मला दिसतो तो फुकटचा भाबडेपणा. आकडा पुसून टाकला म्हणून भाव जात नाही, तो दुसरीकडून आत येतो.

नागपूरकरांना हे शिकवायला नको. आपल्या शहरात फुकट कार्यक्रमांची रेलचेल आहे. २०१७ पासूनचा खासदार सांस्कृतिक महोत्सव तर ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर देशभरातली मोठी नावं आणतो आणि हजारो लोक पैसे न देता त्यांना पाहतात. ज्यांनी आयुष्यात असं काही पाहिलं नसतं त्यांनी ते पाहिलं, आणि हे मोठंच काम आहे. पण कुठल्याही फुकट कार्यक्रमाचं चलन म्हणजे पास, आणि पास ओळखीवर चालतो. पुढचे सोफे कुणाचे हे सांगायला लागत नाही. आणि ज्याने आपल्याला फुकट बसवलं त्याच्या कार्यक्रमाला नावं ठेवणं हे दोन हजार देऊन नावं ठेवण्याइतकंच अवघड असतं. आईचंच वाक्य तिथेही लागू पडतं, फक्त पोरीच्या जागी पास देणारा येतो.

मग प्रामाणिक प्रेक्षक राहिला तरी कुठे? मला तो नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर भेटतो. माझ्या मामाचं गाव ब्रह्मपुरीजवळ, झाडीपट्टीत. दिवाळीनंतर धान कापून झालं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्याची राजधानी, तिथे मंडळ्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ नाटक ठरवतं, दिवसा शंकरपट असतो, रात्री नाटक. रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लेकी माहेरी येतात, सोयरीक जुळते, दहा घरांत पन्नास पाहुणे. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नागपुरातल्या पुष्कळ नाट्यरसिकांना अशी काही रंगभूमी आपल्या शेजारी आहे हे पहिल्यांदा कळलं.

झाडीपट्टीचं नाटक फुकट नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. ज्याच्या हातात वर्षातून एकदा धानाचे पैसे येतात तो शेतकरी तिकीट काढून बसतो. मोठी नावंही तिथे चालतात, मुंबई-पुण्याकडचे कलाकार येतात, त्यांची नावं जाहिरातीत ठळक असतात. म्हणजे पैसाही आहे आणि तारेही आहेत. तरी सकाळी चहाच्या टपरीवर जे ऐकू येतं ते मी शहरात ऐकलेलं नाही. मामाच्या शेजारच्या आजोबांनी रात्रभर डोळ्यांतून पाणी काढलं होतं आणि सकाळी दात घासता घासता निकाल दिला, “बाई चांगली रडली. तो मुंबईवाला मात्र आपल्याले पाहूनच रडत होता.” कोण मुंबईवाला, किती नाइट घेतली, कुणाला काही पडलं नव्हतं. तिकीट आजोबांच्या खिशाला जाणवेल एवढं होतं, पण जिभेवर बसेल एवढं नव्हतं. आणि त्यांच्या बोलण्याला किंमत होती. मंडळी रात्री पुढच्या गावात असते, बातमी तिच्या आधी पोचते, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं हे मंडळ या टपरीवरच्या बोलण्यावरून ठरवतं.

महाग तिकीट म्हणजे निकाल मेलाच, असंही मला म्हणायचं नाही. आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या महाग प्रयोगाने उलटंच दाखवलं आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन स्पर्धक मंडळ्या एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटं नेहमीच्या कित्येक पटींनी महाग होती. आणि नाटक कोणतं, तर खाडिलकरांचं ‘मानापमान’, ज्यात श्रीमंताघरची मुलगी शूर पण गरीब तरुणाला त्याच्या गरिबीमुळे झिडकारते आणि मग तिचे डोळे उघडतात. गरिबाची किंमत ओळखा, हे सांगणारं नाटक, आणि गरिबाला दारातून आत येता येऊ नये असा दर! पण त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी आपली जीभ गहाण टाकली नाही. कोण सरस ठरलं, बालगंधर्व की केशवराव, यावर लोक त्यानंतर अनेक वर्षं भांडत राहिले. मला याचं कारण असं वाटतं की, ते पैसे टिळक स्वराज्य फंडाला जाणार होते. प्रेक्षकाच्या मनात दोन हिशेब वेगळे होते. पैसे स्वराज्याला दिले, ते कुणाकडून वसूल करायचे नव्हते. गाणं ऐकायला तो मोकळा होता. नोझिकची ती वेगळी पेटी खरी उपयोगी पडते ती इथे. (केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. तो वाद मिटला नाही.)

आज कुणी नटाच्या नाइटची वेगळी पेटी दारात ठेवेल असं नाही. पण खुर्च्यांचं काही करता येईल. न्यूयॉर्कमध्ये ‘हॅमिल्टन’ २०१५ मध्ये लागलं, तिकिटं मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेतल्या २१ खुर्च्या रोज सोडत काढून १० डॉलरला दिल्या. मागच्या नव्हे, पहिल्या रांगेतल्या. लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये तर रंगमंचाला लागून असलेलं अंगणच उभ्याने बघणाऱ्यांचं आहे, सातशे माणसांचं, आणि अनेक वर्षं त्याचं तिकीट पाच पौंड होतं. नटाच्या सगळ्यात जवळ ती माणसं, ज्यांचं फारसं काही गेलेलं नाही आणि म्हणून जी हवं तेव्हा कंटाळू शकतात. नागपुरात एखाद्या आयोजकाने पहिल्या दोन रांगा शंभर रुपयांना, सोडत काढून, कॉलेजच्या मुलांना दिल्या तर त्याचं किती नुकसान होईल, हे मी कागदावर मांडून पाहिलं. चाळीस खुर्च्या, प्रत्येकी एकोणीसशे, म्हणजे शहात्तर हजार. छोटी रक्कम नाही. मधल्या रांगांचा दर थोडा वाढवून ती भरून निघेल, किंवा एका फ्लेक्सवाल्या प्रायोजकाला त्याच्या नावाची रांग देऊन. त्या रांगांमध्ये सध्या बसतं कोण, हेही एकदा पाहायला हरकत नाही. बऱ्याचदा तिथे पास असतात.

आणि हे मी प्रेक्षकाच्या कळवळ्याने जेवढं म्हणते तेवढंच नटासाठीही म्हणते. त्या रात्री प्रयोगानंतर मागच्या दाराशी फोटोंसाठी रांग लागली होती. आईला फोटो हवा होता. नट मेकअप पुसून, शर्ट बदलून बाहेर आला, जवळून बराच म्हातारा दिसला. आमच्या पुढे एक मुलगा होता, पंचवीसेक वर्षांचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून नटाने विचारलं, “दुसरा अंक लांबतो का रे? मला आतून तसं वाटतंय.” सहज विचारलं नव्हतं. तो उत्तरासाठी थांबला होता. मुलगा म्हणाला, “नाही सर, एकदम कडक,” आणि फोन वर धरला. फोटो झाला. मग त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “छान केलं तुम्ही.” तो हसला, थँक यू म्हणाला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, सरका ना जरा, आमचाही घेऊ द्या.”